बुधवार, नाहीतर सोमवार

आमच्या गावच्या चर्चचे ऑर्गनवादक आग्नेल रुमाव यांनी या वर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात देवाकडे मागणं मागितलं, की आपली बायको बुधवारपर्यंत मरावी. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. हातात पेजेचं पातेलं होतं. ते खाली ठेवावं आणि त्यांना चार शब्द सुनवावेत असं फार मनात आलं. सुनवले नाहीत, कारण ज्या बाईसाठी ही प्रार्थना चालली होती ती माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि ती उघड्या खिडकीच्या आत पडून सगळं ऐकत होती. तिच्या कानावर आणखी माझं भांडण कशाला घालायचं?

असं लिहिलं की माणूस राक्षस वाटतो. आग्नेल मास्तर राक्षस नव्हेत. हट्टी आहेत, मानी आहेत, उठता-बसता नियमावर बोट ठेवणारे आहेत. पण बायकोवर त्यांनी जेवढा जीव लावला त्याच्या निम्मा आमच्या ह्यांनी माझ्यावर लावला असता, तर मी एवढी तिरसट झाले नसते. तेव्हा आधी माणूस सांगते, मग त्याने काय केलं ते सांगते.

मी मनोरमा सबनीस, मूळची घाटावरची. माणिकपूरच्या एका शाळेत मराठी शिकवायला आले आणि इथलीच झाले. त्याच शाळेत क्लेमेंटीन गणित शिकवायची. पापडीच्या अलीकडे तिच्या सासरची वाडी, आणि वाडीच्या कुंपणाला लागून जी इमारत उठली तिच्यात मी फ्लॅट घेतला, तोही तिच्याच आग्रहाने. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची विहीर, केळी आणि मागचं अंगण दिसतं. ती दोघं आपसात त्यांच्या गावच्या बोलीत बोलायची. एवढ्या वर्षांत मला ती निम्मीच कळली. माझ्याशी मात्र मराठीत बोलायची, मास्तर त्यांच्या ‘ण’चा ‘न’ करून आणि क्लेमेंटीन माझ्यापेक्षा शुद्ध.

मास्तर आता सत्तरीला आले. वडिलांची केळीची आणि पानवेलींची वाडी होती, पण हे रमले एस.टी.च्या डेपोत. गाड्यांच्या वेळा लावायच्या, वाहकांची भांडणं सोडवायची, प्रवाशांच्या शिव्या खायच्या. आयुष्यभर एस.टी. वेळेवर सोडायचा प्रयत्न करूनही ज्याचा देवावरचा विश्वास टिकला तो माणूस साधा नव्हे, असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. ते हसायचे नाहीत. विनोद त्यांना उशिरा पोचतो, त्यांच्या गाड्यांसारखाच.

ऑर्गनवर ते बसले मिसरूड फुटायच्या आधी. चर्चच्या मागच्या माळ्यावर एक जुना ऑर्गन आहे, पायाने भाता मारून वाजवायचा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणा मिशनऱ्याने अमेरिकेहून आणलेला. त्या वेळच्या म्हाताऱ्या फादरांनी या पोराला त्याच्यावर बसवलं आणि एका जुन्या पुस्तकातली एक चाल शिकवली. चालीखाली एका अमेरिकन माणसाचं नाव होतं. आधीच्या शतकाच्याही आधीच्या शतकातला कुणी चर्चचा ऑर्गनवादक. पुढे मोबाइल आला तेव्हा सुझानने, म्हणजे मास्तरांच्या एकुलत्या मुलीने, त्याची माहिती शोधून काढली. चांभाराचा मुलगा. या गावच्या चर्चमध्ये वाजव, त्या गावच्या चर्चमध्ये वाजव, पोरांना शिकव, असं करत जन्म काढला. शे-दीडशे चाली केल्या, त्यातली ही एक लोकांच्या तोंडात राहिली. मास्तरांनी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, जणू आपलाच कोणी चुलत आजोबा सापडला होता.

मग मला म्हणाले, “बाई, जो सगळ्या गावाच्या मयताला वाजवतो, त्याच्या मयताला कोन वाजवत असंल?”

“त्याची बायको,” मी म्हटलं.

“मला येत नाही वाजवायला,” क्लेमेंटीन आतून ओरडली. “मी आधी जाते. माझ्या मयताला तू वाजव, म्हणजे प्रश्न मिटला.”

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

मास्तरांनी स्वतः सत्तर-पाऊणशे गायनं केली असतील. वसईच्या चर्चमध्ये भजनाला गायन म्हणतात. त्यांची करायची पद्धत अशी, की ऑर्गनला हातच लावायचा नाही. मास्तर वाडीत केळीच्या पानांत उभे राहून शिट्टीवर एक ओळ वाजवायचे. क्लेमेंटीन स्वयंपाकघरात मासे साफ करत असायची, भाकरी थापत असायची, वह्या तपासत असायची. ती ती ओळ गुणगुणून परत पाठवायची. हातातलं काम न थांबवता तिला ती म्हणता आली, तर चाल ठेवायची. तिचा हात थांबला, ती विचारात पडली, तर चाल बाद. “जी गाताना माझ्या बाईचा हात थांबतो, ती गावाला कशी जमनार?” असं त्यांचं शास्त्र. माझ्या खिडकीतून मी हा संसार वर्षानुवर्षं ऐकला. कित्येकदा शिट्टी चांगली असायची आणि तरी बाद व्हायची, कारण कालवणाला उकळी आलेली असायची आणि बाईसाहेबांचा हात त्यासाठी थांबलेला असायचा. मी ते मास्तरांना सांगायची. ते म्हणायचे, “बाद म्हंजे बाद.”

त्यांच्या सगळ्या गायनांत एक असं आहे की जे लग्नाला नाही, सणाला नाही, फक्त मयताला वाजतं. मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, संपते, शवपेटी खांद्यावर घेतात आणि चर्चच्या दाराकडे निघतात, तेवढ्या वेळापुरतं. शब्द क्लेमेंटीनचे:

दिवा लावून ठेव, बापा,
मी येते आहे चालत,
उशीर झाला, पाय थकले,
दार नको रे घालत.

मी मराठीची बाई. शेवटच्या ओळीवर लाल शाई उचलली होती. दार लावतात, ‘दार घालणं’ कुठे म्हणतात? ती म्हणाली, आमच्यात म्हणतात, आणि मरणाऱ्याने तुझ्यासाठी भाषा बदलायची का? मी शाई खाली ठेवली. गेली तीस वर्षं आमच्या गावात कुणीही या गायनाशिवाय त्या दारातून बाहेर पडलेलं नाही. श्रीमंत, गरीब, दारू पिऊन विहिरीत पडलेला, सगळे.

फक्त वर्षातले चार दिवस सोडून. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत होतं, घंटा वाजतात, ऑर्गन घुमतो, आणि त्यानंतर सगळं मुकं होतं. शनिवारी रात्रीच्या ग्लोरियापर्यंत घंटा नाही, ऑर्गन नाही. घंटेऐवजी लाकडी फळी खडखडवतात. या दिवसांत मयत झालं तर मिस्सा नाही, गायन नाही, साध्या प्रार्थना म्हणून मूठमाती. गुरुवारी सकाळपासूनच आणि ईस्टरच्या रविवारीही मयताची मिस्सा होत नाही. मी हिंदू. मला आधी हे फार कठोर वाटायचं. मास्तर म्हणायचे, “देवाचा पोरगा मेलाय, बाई. त्याच्यासाठीबी वाजवत नाय आम्ही. मग आपन कोन?” गुरुवारी ग्लोरिया संपला की ते ऑर्गनचं झाकण स्वतः लावायचे आणि किल्ली खिशात घालायचे. पोरांनी त्या दिवसांत मोबाइलवर गाणं लावलं तरी रस्त्यात उभं करून झापायचे. नियम फादरांपेक्षा त्यांचाच जास्त होता.

क्लेमेंटीनला आजार धरला तो दिवाळीच्या सुमारास. आधी पाठ दुखते म्हणाली, मग जेवण जाईना, मग डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि तसंच मिटलं. फेब्रुवारीत घरी पाठवली. सुझान माणिकपूरला राहते, तिने ऑफिसातून रजा काढली आणि माहेरी येऊन राहिली. मी कुंपणाच्या फटीतून दिवसातून दहादा जायची. आजारी माणसाच्या खोलीत खोटं बोलायची माझी जात नाही, आणि तिचीही नव्हती. त्यामुळे आम्ही मोकळेपणाने रडलो, एकदाच, आणि मग पत्ते खेळलो.

एका दुपारी तिने आम्हां तिघांना बसवलं. “दोन गोष्टी,” ती म्हणाली, वर्गात फळ्यावर लिहायची तशाच आवाजात. “एक, मला त्या बर्फाच्या पेटीत ठेवायचं नाही. कुणी यायचं राहिलं असलं तरी नाही. गेले की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी. दोन, दारातून निघताना आग्नेलने माझं गायन वाजवायचं. दुसऱ्या कुणी नाही.”

बर्फाच्या पेटीची भीती तिची जुनी. तिचे वडील गेले तेव्हा भाऊ आखातात होता. त्याच्यासाठी त्यांना शवागारात ठेवलं आणि रोज कुणीतरी जाऊन पाहून यायचं ते काम हिच्यावर आलं. वीस-बावीस वर्षांची पोर. त्यानंतर तिला थंडी सोसेनाशीच झाली. मे महिन्यात ही बाई पंख्याखाली स्वेटर घालून पेपर तपासायची. सगळा शिक्षकवर्ग हसायचा. कारण फक्त मला माहीत होतं.

“दोन्ही,” मास्तर म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. “दोन्ही करीन.”

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, तिने डोळे उघडले नाहीत. सोमवारी उघडले, पण कुणाला ओळखल्यासारखं वाटेना. डॉक्टर येऊन म्हणाले, आता दिवसांचा प्रश्न आहे. डॉक्टर गेल्यावर मास्तर भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर जाऊन उभे राहिले. मी मागे होते. त्यांची पाठ मला दिसत होती. डेपोत गाड्यांच्या वेळा जुळवताना ते असेच उभे राहत असतील. बऱ्याच वेळाने ते वळले, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हिशोब लागत नाहीये.

बुधवारपर्यंत गेली तर मिस्सा होईल, गायन होईल, बर्फ लागणार नाही. रविवारी संध्याकाळनंतर गेली तर सोमवारी सगळं होईल. मधल्या दिवसांत गेली तर दोन शब्दांपैकी एक मोडणार. लगेच पुरलं तर गायन नाही, आणि गायन हवं तर सोमवारपर्यंत बर्फ. इकडे आड, तिकडे विहीर.

ते फादर ग्लेनकडे गेले. फादर तरुण आहेत, पोरगेलेसे, मनाने मऊ. त्यांनी मास्तरांना खुर्चीवर बसवून पाणी दिलं. म्हणाले, “मास्तर, चर्चमध्ये ते दिवस तुम्हीच मला शिकवलेत. पण तुम्ही घरी गा ना. घरातून उचलताना सगळ्या गावाने मिळून गायन म्हणू द्या. ऑर्गन नको, नुसता आवाज. त्याला कोण नाही म्हणेल?”

“मी म्हनेन,” मास्तर म्हणाले, आणि उठून आले.

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. “अहो, एवढा चांगला रस्ता दाखवला त्या पोराने! आम्ही म्हणतो सगळे. मी म्हणते, बेसूर म्हणते, पण म्हणते!”

“ते घरातलं गायन नाही, बाई. ते दारातलं आहे. भाता मारल्याशिवाय ते उचलत नाही.” मग म्हणाले, “लोकांच्या बायकांना मी दारातून पोचवलं. माझ्या बायकोला काय शेजारीपाजारी पोचवनार?”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आजही येतो. पण तो आवाज मला विसरता येत नाही. पाण्यात बुडणारा माणूस समोर आलेल्या काठीचं लाकूड कुठलं ते विचारत होता.

मंगळवारी दुपारी मी पेज घेऊन गेले. मागच्या अंगणात त्यांचा क्रूस आहे, चुन्याने रंगवलेला, प्रत्येक घराचा असतो तसा. मास्तर त्याच्यासमोर उन्हात गुडघ्यांवर बसले होते. कानाने कमी ऐकायला लागल्यापासून त्यांना आपला आवाज किती मोठा होतो हे कळत नाही.

“बुधवारपर्यंत ने तिला, देवा. नाहीतर सोमवारपर्यंत राहू दे. मधी नको. एवढंच मागतो. मधी नको.”

मी आत गेले. क्लेमेंटीन जागी होती, शुद्धीवर होती, आणि डोळे खिडकीकडे होते.

“ऐकलंस?” मी विचारलं.

“ऐकलं.” तिच्या तोंडाला कोरड होती, शब्द सुटे सुटे येत होते. “त्याला सांग, बघते जमतं का.”

मी चमचा पुढे केला. तिने तोंड फिरवलं. मला आधी वाटलं, नकोशी झाली असेल. संध्याकाळी सुझानने पाणी दिलं तेव्हाही तिने ओठ मिटून घेतले. बुधवारी सकाळी औषधाची गोळी जिभेखाली ठेवली ती तिने उशीवर काढून टाकली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती नवऱ्याची गाडी वेळेवर सोडायचा प्रयत्न करत होती.

मी बाहेर येऊन मास्तरांना अंगणातच धरलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हटलं, “ती तुमच्यासाठी पाणी पीत नाहीये. कळतंय का?”

त्यांना विनोद उशिरा पोचतो, पण हे लगेच पोचलं. ते आत धावले. वाटी घेतली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “पी. मी चुकलो. पी तू. सोमवारपर्यंत राहू. आपन सोमवारपर्यंत राहू दोघं.”

ती प्यायली. म्हणजे त्याच्या दुसऱ्या मागणीलाही ती हो म्हणाली. जन्मभर हेच केलं तिने, त्याने शिट्टी वाजवायची आणि तिने ओळ परत पाठवायची.

गुरुवारी संध्याकाळी ते चर्चमध्ये गेले, ग्लोरिया वाजवला, झाकण लावलं, घरी आले. ती होती. त्यांच्याकडे बघून हसलीसुद्धा. तिच्या पायांवर दोन गोधड्या होत्या आणि बाहेर उकाड्याने जीव जात होता. मास्तर खुर्ची ओढून बसले आणि तिचा हात हातात धरून सांगायला लागले, उद्या शुक्रवार, तो काय, असाच जाईल. मग शनिवार. मग एकच रविवार. गाडी कुठल्या कुठल्या थांब्यावर थांबणार ते प्रवाशाला सांगावं तसं सांगत होते. सुझान भिंतीला टेकून ऐकत होती आणि पदराने तोंड दाबून रडत होती.

शुक्रवारी सकाळी, गाव क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेलेलं असताना, क्लेमेंटीन गेली.

गावात कुणी गेलं की चर्चची घंटा संथ वाजते आणि सगळ्यांना कळतं. त्या दिवशी घंटा नव्हती. सुझानने मोबाइलवर कळवलं. लोक प्रार्थनेहून परस्पर आले, दबक्या पावलांनी, कुजबुजत. फादर ग्लेन आले. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “उद्या सकाळी लवकर करू. सगळं गाव येईल.”

सुझान म्हणाली, “हो, फादर.”

मास्तर म्हणाले, “सोमवारी.”

कुणाला कळेना. फादरांनी पुन्हा सांगितलं. मास्तर म्हणाले, “मला कळतं. इस्पितळात ठेवू. सोमवारी मिस्सा करा.”

“पप्पा.” सुझानचा आवाज एवढा खाली गेला की मी दचकले. “मम्मीने काय सांगितलेलं?”

“दोन सांगितलेलं. एकच जमतं.”

“मग पहिलं जमव ना! ते तर तुझ्या हातात आहे. आत्ता, इथे. तिला थंडीची भीती होती, पप्पा. माहीत आहे ना तुला?”

“तिला आता काय लागतंय थंडी?” मास्तर म्हणाले. “अंगाचं काय, माती आहे. गायन तिच्यासंगं जाईल. वरपर्यंत जाईल.”

“तुला वाजवायचंय,” सुझान म्हणाली. “तिच्यासाठी नाही. तुला वाजवायचंय.”

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलले. म्हटलं, “मास्तर, भीती जिवंतपणीच असते हे मलाही कळतं. पण शब्द दिलाय तो मेलेल्या बाईला नाही, जिवंत बाईला दिलाय.” ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. ते वाजवत होते.

नवऱ्याचा शब्द शेवटचा. दुपारनंतर गाडी आली. सुझानने आईला तिचं राखाडी स्वेटर घातलं आणि वरून शाल लपेटली. इस्पितळातल्या माणसाने शवागाराच्या दारात शाल काढून तिच्या हातात परत दिली, तसा नियम असेल. ती शाल घेऊन सुझान बापाच्या घरी आलीच नाही. माझ्याकडे आली आणि माझ्या सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडली. शनिवार तिथेच गेला. ईस्टरच्या सकाळी चर्चमधून ऑर्गन ऐकू आला. सगळ्या गावाच्या घरांत गोड पदार्थ शिजत होते. सुझानने उठून माझ्या खिडक्या लावून घेतल्या.

सोमवारी गर्दी एवढी होती की माणसं बाहेर अंगणात उभी होती. आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी तुळिंज आणि विरारपासून आल्या होत्या. इस्पितळातून गाडी थेट चर्चच्या दाराशी आली. मास्तर तेव्हाच माळ्यावर चढून बसले होते, गायनमंडळाच्या मागे. ते खाली आले नाहीत. वाजवणाऱ्याला वाजवायच्या जागीच बसावं लागतं, एवढं मला कळतं, पण पेटी आत येताना तिच्या डोक्याशी सुझान होती आणि पायाशी कुणी नव्हतं.

मिस्सा झाली. पेटी खांद्यावर उचलली. आणि मास्तरांनी ते गायन धरलं.

मी संगीतातली नव्हे. पण असं मी आजपर्यंत ऐकलं नाही आणि आता ऐकायची माझी ताकदही नाही. त्या जुन्या पेटाऱ्यात एवढा आवाज होता हे कुणाला माहीत नव्हतं. ‘दिवा लावून ठेव, बापा’ म्हणताना गायनमंडळातल्या बायकांना हुंदके आवरेनात, त्यांचे आवाज बंद पडले, तरी ऑर्गन एकटा ते गायन उचलून चालत राहिला, दारापर्यंत, दाराबाहेर, पार आवारापर्यंत. ज्यांना मराठी येत नाही अशी इस्पितळाच्या गाडीबरोबर आलेली वर्दीतली माणसं, गाडीचा ड्रायव्हर, फुलवाला, सगळे डोळे पुसत होते. माझ्या शेजारचा एक म्हातारा म्हणाला, “अशी कोनाला नशिबात येते?” मीही रडले. मला माझाच राग येत होता की मी रडते आहे, आणि चाल इतकी सुंदर का आहे म्हणून त्यांचा राग येत होता.

दफनभूमी चर्चच्या मागेच आहे. सगळे मास्तरांसाठी थांबले. ते माळ्यावरून उतरून आले तेव्हा लोकांनी वाट करून दिली. कुणीतरी त्यांचा हात दाबला, कुणी म्हणालं, “मास्तर, आज जे वाजवलंत...” ते मान हलवत पुढे आले. चेहऱ्यावर थकवा होता, पण मन निवांत झाल्यासारखं दिसत होतं. काम पुरं केलेल्या माणसासारखे आले ते.

आमच्या इथे मूठमातीआधी पेटीचं झाकण घरच्यांसाठी एकदा उघडतात. मास्तर वाकले. शुक्रवारनंतर त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तसेच थांबले.

मग त्यांनी दुसरा हातही वर ठेवला आणि ते तिचा हात चोळू लागले. आधी हळू, मग जोरजोरात. तिची बोटं आपल्या तोंडाजवळ नेऊन त्यांवर फुंकर घातली, पुन्हा चोळली, आपल्या शर्टाच्या आत छातीशी धरली. फादर ग्लेन पुस्तक उघडून उभे होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि थांबले. खड्ड्याशी फावडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी माना खाली घातल्या.

“जरा थांबा,” मास्तर सगळ्यांना सांगत होते. “जरा थांबा. होतंय गरम. थोडा वेळ द्या फक्त.”

कुणी पुढे होईना. मलाही पाऊल उचलवेना. शेवटी सुझान गेली. शुक्रवारपासून ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. ती त्यांच्या शेजारी मातीत गुडघे टेकून बसली आणि त्यांच्या मुठीतून आईची बोटं एकेक करून सोडवू लागली.

“सोड, पप्पा,” ती म्हणाली. “आता नाही होणार.”